छातीचे माप आणि नोकरीची हमी

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने सैन्यभरतीची ‘अग्निपथ’ योजना जाहीर केली. दोन दिवसांच्या आत बिहारमध्ये रेल्वेगाड्या पेटल्या. १७ जूनला सिकंदराबाद स्थानकावर पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. महाराष्ट्रात या तीव्रतेचा उद्रेक झाला नाही. परंतु सातारा, सांगली, कोल्हापूर, बीड, बुलढाणा या जिल्ह्यांत पहाटे उठून धावण्याचा सराव करणाऱ्या हजारो मुलांच्या घरी त्या दिवसांत सुतकच पडले होते. या घटनेला काही वर्षे लोटली. ज्या जनतेच्या नावाने आपण राजकारण करतो, तिने त्या वेळी काय म्हटले आणि का म्हटले याचा नीट विचार आपल्या चळवळीत झाला आहे, असे मात्र मला दिसत नाही. तो व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

त्या वेळच्या प्रतिक्रिया साधारणपणे तीन प्रकारच्या होत्या. शहरी सुस्थित वर्गाचे म्हणणे असे की, ज्याला देशाची सेवा करावयाची आहे त्याने पेन्शनची आणि कायम नोकरीची भाषा काढावीच कशाला. ही भाषा काढणारा तरुण मुळात देशभक्तच नव्हे. दुसरी प्रतिक्रिया उद्योगपतींची आणि सत्ताधाऱ्यांची. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या शिस्तबद्ध तरुणांना आम्ही आनंदाने कामावर घेऊ, असे काही उद्योगपतींनी तत्परतेने जाहीर केले. सत्ताधारी पक्षाच्या एका राष्ट्रीय सरचिटणीसांनी तर, पक्षकार्यालयाच्या पहाऱ्यासाठी माणूस ठेवावयाचा झाल्यास अग्निवीराला प्राधान्य देऊ, असे सांगून टाकले. तिसरी प्रतिक्रिया आपल्यापैकी काहींची. सैन्य म्हणजे राज्यसंस्थेचे दंडहस्त. त्यात जाण्यासाठी धडपडणाऱ्या मुलांबद्दल आपण गळा काढावा असे काय आहे, असा तिचा सूर होता.

माझ्या मते या तिन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच दोष आहे. भरतीच्या मैदानावर उभा असलेला तरुण कोण आहे आणि तो तेथे कशासाठी आला आहे, हे पाहण्याची तसदी यांपैकी कोणीच घेतलेली नाही.

दोन जाहिराती, दोन वर्ग

सैन्यभरतीची जाहिरात हा समाजशास्त्राचा एक बोलका दस्तऐवज असतो. आपल्याकडे तिचे दोन प्रकार आहेत. एक अधिकाऱ्यांसाठी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी वृत्तपत्रांतून आणि दूरदर्शन वाहिन्यांवरून सैन्यदलाने एक मोहीम चालविली. तुमच्यात ती धमक आहे काय, असे आव्हान त्या जाहिरातींतून सुशिक्षित तरुणाला दिलेले असे. हिमशिखरे, घोडदौड, झगझगीत गणवेश, नेतृत्वाची संधी आणि साहसाचे आयुष्य अशी सारी सामग्री तीत होती. या जाहिरातीची गरज का पडली, तर उदारीकरणानंतर संगणक-व्यवसाय, व्यवस्थापन आणि परदेशगमन यांच्या वाटा मोकळ्या झालेला मध्यमवर्गीय मुलगा सैन्याकडे पाठ फिरवू लागला होता. त्याची मनधरणी करणे भाग होते.

दुसरी जाहिरात जवानांच्या भरतीची. तिला मनधरणीची गरज कधीच भासली नाही. जिल्हा पातळीवरच्या मराठी वृत्तपत्रात एका कोपऱ्यात छापलेला तो मजकूर पाहा. उंची १६८ सेंटिमीटर. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगविल्यावर पाच सेंटिमीटर अधिक. दहावीला सरासरी ४५ टक्के गुण. सोबत जातीचा, रहिवासाचा आणि वर्तणुकीचा दाखला. सोळाशे मीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापले तर पूर्ण साठ गुण, दहा वेळा दांडीवर शरीर उचलले तर चाळीस, असा अनेक वर्षांचा हिशेब. येथे साहसाचे आवाहन नाही आणि आयुष्याच्या सार्थकतेची गोष्ट नाही. आहेत ती मापे आणि अटी. एका वर्गाला विचारले जाते, तुमच्या अंगी काय आहे. दुसऱ्याला सांगितले जाते, तुझे अंग किती आहे. पहिल्या वर्गाला सैन्य स्वतःची ओळख करून देते. दुसऱ्याला ते पारखून घेते, कारण पारखून घेण्यासाठी समोर भलीमोठी रांग उभी असते.

ही रांग कशी तयार होते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. दोन-तीन एकर कोरडवाहू शेती, पावसाचा भरवसा नाही, गावात कारखाना नाही, बारावीनंतरच्या शिक्षणाचे शुल्क परवडत नाही, आणि परवडले तरी त्या शिक्षणाला बाजारात किंमत नाही. अशा घरातील मुलाजवळ विकण्याजोगी एकच वस्तू उरते, ती म्हणजे त्याचे धडधाकट शरीर. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पोलीस भरती झाली तेव्हा १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. दर जागेमागे सुमारे शंभर अर्ज. या शंभरांतील नव्व्याण्णवांना मुळातच पोलीस व्हावयाचे होते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. त्यांना हवी होती ती दरमहा पगार देणारी, आजारपणात सोबत करणारी आणि म्हातारपणी उपाशी न ठेवणारी नोकरी. अशी नोकरी देणारी जी दोन-तीन दारे गरिबाच्या मुलासाठी उघडी राहिली होती, त्यांतील सर्वांत मोठे दार सैन्याचे होते.

म्हणूनच सैन्यभरतीला मिळणारा प्रतिसाद हा देशप्रेमाचा की पोटाचा, हा प्रश्नच मुळात गैरलागू आहे. खाणकामगार पगार घेतो म्हणून त्याचे कोळसा काढणे खोटे ठरत नाही. परिचारिका वेतनवाढ मागते म्हणून तिची रुग्णसेवा कमअस्सल होत नाही. मग जवानानेच तेवढे पोट बाजूला ठेवून देशावर प्रेम करावे, हा आग्रह कशासाठी? आणि हा आग्रह धरणाऱ्यांच्या घरातील किती मुले भरतीच्या मैदानावर छातीचे माप द्यावयास गेली, हेही एकदा मोजावयास हवे.

प्रतिष्ठेचा इतिहास

आपल्यातील जे मित्र सैन्यात जाणाऱ्या मुलाकडे तुच्छतेने पाहतात, त्यांना महाराष्ट्राच्या इतिहासाचे स्मरण करून दिले पाहिजे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी लढाऊ जातींचा सिद्धांत रचला आणि कोण शूर व कोण भेकड हे जन्मावरून ठरविले. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती या सिद्धांतापायी १८९० च्या दशकाच्या प्रारंभी बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. त्यामागे सुभेदार रामजी सकपाळांच्या पुत्राने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, केलेले प्रयत्न होते. लष्करी छावणीत मिळणारे शिक्षण, नियमित वेतन आणि अंगावरचा गणवेश यांमुळे अस्पृश्य समाजाच्या एका पिढीला पहिल्यांदा ताठ मानेने चालता आले. सैन्यभरती बंद होणे म्हणजे ही वाट बंद होणे, हे त्या पुढाऱ्यांनी अचूक ओळखले होते. एकदा गरज संपली की पलटण मोडावयाची, हा साम्राज्याचा व्यवहारही त्यांनी अनुभवला होता.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जण कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात उभा आहे. ब्रिटिश सैन्याला इतकी माणसे देणाऱ्या याच सातारा जिल्ह्याने १९४२ नंतर प्रतिसरकार उभे केले आणि तुफान सेनाही याच मातीतून उभी राहिली. साम्राज्याच्या सैन्यात गेलेला शेतकऱ्याचा मुलगा आणि साम्राज्याविरुद्ध उठलेला शेतकऱ्याचा मुलगा एकाच घरातून येऊ शकत होता, हा या इतिहासाचा धडा आहे. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात विनोबांपासून असंख्य सत्याग्रहींनी, परक्या सरकारच्या युद्धाला माणूस वा पैसा देऊ नये, असे सांगत तुरुंगवास पत्करला. आपल्या परंपरेचा तो तेजस्वी भाग आहे. परंतु तो विरोध युद्ध लादणाऱ्या सत्तेला होता, पोटासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला नव्हे. हा विवेक आपण गमावता कामा नये.

सेवा निधीचा हिशेब

आता योजनेच्या अर्थकारणाकडे वळू. साडेसतरा ते एकवीस वर्षे वयाच्या तरुणांना चार वर्षांसाठी घ्यावयाचे, त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम ठेवावयाचे आणि उरलेल्यांना निरोप द्यावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. पहिल्या वर्षी वयोमर्यादा २३ पर्यंत वाढविण्यात आली, तीही आंदोलनानंतर. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, पुढे ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असे वेतन जाहीर झाले. निरोपाच्या वेळी ११ लाख ७१ हजार रुपयांचा ‘सेवा निधी’ मिळेल, हा आकडा जाहिरातीत ठळकपणे छापला गेला आणि खेड्यापाड्यांत तोच लोकांच्या तोंडी बसला.

या आकड्याची फोड मात्र कोणी करून सांगितली नाही. प्रत्येक महिन्याच्या वेतनातून ३० टक्के रक्कम कापली जाते. पहिल्या वर्षी महिन्याला ९,०००, दुसऱ्या वर्षी ९,९००, तिसऱ्या वर्षी १०,९५० आणि चौथ्या वर्षी १२,०००. चार वर्षांची बेरीज होते ५ लाख २ हजार रुपये. तेवढीच भर सरकार घालते आणि वर व्याज. म्हणजे निरोपाची भेट म्हणून जी थैली हाती पडते, तिच्यातील जवळजवळ निम्मी रक्कम त्या मुलाने स्वतःच्या पगारातून साठविलेली असते. पहिल्या वर्षी त्याच्या हाती पडतात ते तीस नव्हे, एकवीस हजार. या निधीपलीकडे त्याला पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षांच्या सलग सेवेची अट घातली होती आणि कामगारांना पाच वर्षे पुरी होण्याआधी घरी धाडण्याची युक्ती आपल्या कामगार संघटनांना चांगली परिचित आहे. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ठराविक मुदतीच्या कामगारालाही एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. कारखान्यातील मुदतीच्या मजुराला कायद्याने जे देऊ केले, ते सीमेवरील मुदतीच्या शिपायाला नाही, अशी ही विसंगती आहे.

मरणाच्या बाबतीत तर ही विसंगती अधिकच बोचते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एक अग्निवीर सियाचेनमध्ये कर्तव्यावर असताना मरण पावला. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीला तोफखान्याच्या सरावात झालेल्या स्फोटात दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. विम्याचे ४८ लाख आणि इतर सानुग्रह रकमा कुटुंबाला मिळतात, हे खरे आहे. ते नाकारून आपण आपली बाजू दुबळी करू नये. परंतु कायम जवानाच्या कुटुंबाला जे निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळते, ते अग्निवीराच्या कुटुंबाला या योजनेने दिलेले नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये, कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबाइतकेच लाभ द्यावेत, अशी शिफारस केली होती. सियाचेनचा बर्फ आणि तोफेचा गोळा नेमणूकपत्रावरची मुदत वाचत नाहीत.

सरकारचा युक्तिवाद

सरकारची बाजू दोन मुद्द्यांवर उभी आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पहिला मुद्दा खर्चाचा. २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ५ लाख २५ हजार कोटी रुपये होते, त्यांतील सुमारे १ लाख १९ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. दर पाच रुपयांमागे एक रुपयाहून अधिक जर पेन्शनमध्ये जाणार असेल, तर शस्त्रसामग्रीला काय उरणार? दुसरा मुद्दा वयाचा. सैन्याचे सरासरी वय ३२ वरून २६ वर आणावयाचे आहे आणि त्यासाठी कारगिल पुनर्विलोकन समितीचा आधार दिला जातो.

दुसऱ्या मुद्द्यापासून आरंभ करू. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने सैन्य तरुण असावे हे म्हटले होते, यात शंका नाही. परंतु तिची सूचना अशी होती की, प्रत्यक्ष सैन्यातील सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी आणि त्यानंतर त्या सैनिकांना निमलष्करी दलांत सामावून घ्यावे. सहाव्या वेतन आयोगानेही याच धर्तीवर बाजूने स्थलांतराचा मार्ग सुचविला होता. या सूचनेत सैन्य तरुण होते, अनुभवी माणूस दुसऱ्या दलाला मिळतो, त्याची सेवा अखंड राहते आणि पेन्शनचा भारही पुढे ढकलला जातो. सरकारने या सूचनेचा पहिला अर्धा भाग उचलला, सातऐवजी चार केले आणि सामावून घेण्याचा दुसरा अर्धा भाग गाळला. आंदोलन झाल्यावर केंद्रीय दलांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखून ठेवण्याची घोषणा झाली. पुढे सीमा सुरक्षा दलाच्या बाबतीत हे प्रमाण वाढविण्यातही आले. लोकांनी आवाज उठविला म्हणून हे मिळाले, हे ध्यानात ठेवावे. परंतु राखीव जागा म्हणजे सामावून घेणे नव्हे. तेथे पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, आणि आधीची चार वर्षे सेवेत धरली जात नाहीत. शिवाय राखीव जागांचा अनुभव काय सांगतो? माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारच्या गट ‘क’ मध्ये १० टक्के आणि गट ‘ड’ मध्ये २० टक्के जागा कितीतरी वर्षांपासून कागदावर राखीव आहेत. प्रत्यक्ष भरलेल्या जागा याच्या पासंगालाही पुरत नाहीत.

आता खर्चाचा मुद्दा. निवृत्तिवेतन हा काही दानधर्म नव्हे; ते पुढे ढकललेले वेतन आहे, हे अर्थशास्त्र आणि न्यायालये दोन्ही मानतात. ते वाचविल्याने देशाचा खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. पंचविशीत बेकार होऊन घरी परतलेल्या मुलाला पोसण्याचा भार संरक्षण मंत्रालयाच्या हिशेबवहीतून निघतो आणि सोलापूरच्या वा बीडच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वहीत येऊन पडतो. सरकारची बचत ती कुटुंबाची तूट, इतके हे सरळ आहे.

अमेरिकेचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तेथे सक्तीची भरती होती. १९६९-७० मध्ये नेमलेल्या गेट्स आयोगाने ती रद्द करून स्वेच्छेच्या सैन्याची शिफारस केली. त्या आयोगाचे एक सभासद होते मिल्टन फ्रीडमन. सक्तीची भरती म्हणजे तरुणांवर लादलेला छुपा कर, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७३ मध्ये सक्ती संपली आणि जाहिरातीचे युग सुरू झाले. त्यानंतर तेथे ‘गरिबीची सक्ती’ हा शब्दप्रयोग रूढ झाला, कारण कायद्याची सक्ती गेली तरी परिस्थितीची सक्ती उरली. परंतु मुक्त बाजाराच्या या महापंडितानेही एक गोष्ट मान्य केली होती. सक्ती नको असेल तर शिपायाला त्याच्या कामाचे पुरेसे मोल दिले पाहिजे. आपल्या राज्यकर्त्यांनी त्यांच्याकडून बाजार घेतला, मोल मात्र तेथेच ठेवले. मागे रांग एवढी मोठी असताना मोल वाढविण्याची निकड त्यांना भासावी तरी कशाला?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये गुरख्यांची भरती या नव्या योजनेखाली व्हावयाची होती. १९४७ च्या त्रिपक्षीय कराराकडे बोट दाखवून नेपाळने ती पुढे ढकलावयास सांगितले. सार्वभौम राष्ट्राला असे थांबा म्हणता येते. मराठवाड्यातील भूमिहीनाच्या मुलाला म्हणता येत नाही. २०१९-२० मध्ये भूसेनेने ८०,५७२ जणांची भरती केली होती. त्यानंतरची दोन वर्षे महामारीचे कारण देऊन भरतीच झाली नाही. या काळात मैदानी आणि वैद्यकीय चाचणी पार करून लेखी परीक्षेची वाट पाहत बसलेल्या मुलांची ती सारी प्रक्रिया नव्या योजनेच्या घोषणेबरोबर रद्द झाली. ती न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२३ रोजी योजना वैध ठरविली आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील याचिका फेटाळल्या. कायद्याच्या दृष्टीने निवड होण्याचा हक्क त्यांना नव्हता. परंतु वय उलटून गेलेल्या त्या मुलांना दोन वर्षे परत कोण देणार, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

शिस्त कोणासाठी?

लष्करी शिक्षणाविषयीही आपल्या समाजात एक भाबडी श्रद्धा आहे. चार वर्षे कवायत केली की मुलगा ‘सुधारतो’, त्याला शिस्त लागते, मग तो कोठेही चमकतो, असे या योजनेच्या समर्थनार्थ वारंवार सांगितले गेले. ही श्रद्धा जुनी आहे. डॉ. बा. शि. मुंजे १९३१ मध्ये इटलीत जाऊन मुसोलिनीला भेटले, तेथील युवक संघटना पाहून प्रभावित झाले आणि १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय काढले. १९६२ च्या पराभवानंतर महाविद्यालयांतून राष्ट्रीय छात्रसेना सक्तीची झाली. पाच-सहा वर्षांत, १९६८ मध्ये, ती ऐच्छिक करावी लागली आणि पाठोपाठ राष्ट्रीय सेवा योजना आली. सक्तीच्या कवायतीने राष्ट्र घडत नाही, हे तेव्हाच पुरेसे स्पष्ट झाले होते.

शिस्तीला आपला विरोध नाही. ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली तेव्हा त्याच्या शाखांतही कवायत होती, लेझीम होते, पहाटेची शिट्टी होती. भेद होता तो हेतूचा. त्या शिस्तीत मुलगा-मुलगी एका रांगेत उभे राहत, जात विचारली जात नसे, आणि आज्ञा पाळण्याबरोबर प्रश्न विचारण्याचीही सवय लावली जाई. शिस्त माणसाला स्वतःच्या पायावर उभी करते की दुसऱ्याच्या दारी पहारेकरी म्हणून उभी करते, हा प्रश्न आहे. चार वर्षे बंदूक हाताळलेल्या तरुणापुढे भविष्य म्हणून बंगल्याच्या फाटकावरची खुर्ची ठेवली जात असेल, तर त्या शिस्तीचा लाभ नेमका कोणाला झाला?

त्याचप्रमाणे, शस्त्रशिक्षण घेतलेले बेकार तरुण उद्या गुंडांच्या टोळ्यांत जातील, अशी भीती काही पुरोगामी लेखकांनीही बोलून दाखविली. ही भाषा आपण टाळावी. गरिबाचा मुलगा बेकार झाला म्हणजे तो गुन्हेगार होणारच, हे गृहीत धरण्यात वर्गीय अहंकार आहे. त्याला न्याय द्यावयाचा तो त्याच्यापासून आपल्याला धोका आहे म्हणून नव्हे, तो त्याचा हक्क आहे म्हणून.

भरतीच्या आशेवर उभा राहिलेला आणखी एक व्यापार आहे. तालुक्यातालुक्यांत निघालेल्या भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या अकॅडम्यांत गणवेशातील मुलांची छायाचित्रे असलेले फलक झळकतात. निवासाचे, खानावळीचे आणि शिकवणीचे पैसे भरण्यासाठी बाप जनावर विकतो किंवा सोने गहाण टाकतो. निवड झालेल्यांचे फलक लागतात. न झालेल्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. ज्यांना अकॅडमी परवडत नाही ती मुले डांबरी रस्त्यावर धावतात. जानेवारी २०२५ मध्ये बीड-परभणी मार्गावर पहाटे सराव करणाऱ्या तिघा तरुणांना एस. टी. बसने चिरडले. ते पोलीस भरतीची तयारी करीत होते. गावाला धावण्यापुरते मैदान देण्याची ऐपत या राज्यात नाही काय?

आपले काम

निषेधाचे ठराव करून या प्रश्नाला आपण न्याय देऊ शकणार नाही. पहिल्या तुकडीच्या प्रशिक्षणाला २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या प्रारंभी आरंभ झाला. तिची चार वर्षे २०२६ चे अखेर ते २०२७ चा आरंभ या काळात भरतात. तेव्हापासून दर वर्षी परतणाऱ्या मुलांची गावोगाव नोंद ठेवणे, हे प्रत्येक तालुका शाखेचे काम झाले पाहिजे. किती परतले, किती कायम झाले, किती राखीव जागेवर लागले, किती घरी बसले, हे आकडे आपल्या हाती असावयास हवेत. सरकारी जाहिरातीला त्याहून प्रभावी उत्तर नाही.

मागण्याही नेमक्या असाव्यात. कर्तव्यावर मृत्यू वा अपंगत्व आल्यास नियमित जवानाइतकेच निवृत्तिवेतन. चार वर्षे पुरी करणाऱ्या प्रत्येकाला, निमलष्करी वा राज्य पोलीस दलांत सेवा अखंड धरून सामावून घेण्याची वैधानिक तरतूद. ग्रॅच्युइटीचा हक्क. भरतीच्या जाहिरातीत सेवा निधीची पूर्ण फोड आणि कायम होणाऱ्यांचे प्रमाण ठळकपणे छापण्याचे बंधन. अकॅडम्यांची नोंदणी आणि शुल्काचे नियमन. आणि प्रत्येक मोठ्या गावात सार्वजनिक मैदान. यांतील एकाही मागणीने देशाचे संरक्षण दुबळे होत नाही.

परंतु यापलीकडे मूळ प्रश्न कामाच्या हक्काचा आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रेरणेने या महाराष्ट्राने रोजगार हमीचा विचार देशाला दिला. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे कायद्याने मान्य करणारे हे देशातील पहिले राज्य. त्या ‘हमी’ शब्दाची आज थट्टा होते. हमी मागणारा आळशी आणि पेन्शन मागणारा देशद्रोही ठरविला जातो. कारखान्यातील कायम कामगार आधी कंत्राटी झाला, मग शाळेतील शिक्षक झाला, मग दवाखान्यातील परिचारिका झाली. शिपायाची पाळी शेवटी आली एवढेच. कायम नोकरीचा तो शेवटचा बुरूज होता आणि तो ढासळताना आपण शिक्षक, परिचारिका, कामगार आणि शिपाई यांना एकत्र उभे करू शकलो नाही. ते करणे हे पुढच्या काळातील आपले काम आहे. ज्या दिवशी गावातील मुलाला सैन्याखेरीज चार वाटा मोकळ्या असतील आणि तरीही तो स्वखुशीने सैन्यात जाईल, त्या दिवशीच त्याच्या देशप्रेमाची चर्चा करण्याचा अधिकार आपणा सर्वांना प्राप्त होईल.